इथं झाडू कोन मारते?

“इथं झाडू कोन मारते?”

कुठल्याही घरी पहिल्यांदा कामाला गेले की मिस्त्री हेच विचारायचे. आधी सायकल टेकवायची. डोक्यावरचं स्टील प्लांटचं पिवळं हेल्मेट काढून हँडलला अडकवायचं, गमछ्यानं टक्कल पुसायचं आणि मग हा प्रश्न. घरमालक गोंधळून जायचा. कोणाला वाटायचं, म्हाताऱ्याला अंगण घाण दिसलं. कोणाला वाटायचं, ह्याच्या नात्यातली कोणी बाई कामाच्या शोधात असेल.

तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल, ज्याची एक खोड सगळ्या वस्तीला ठाऊक असते आणि तिचं कारण कोणी विचारलेलं नसतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

मला त्यांनी विचारलं तेव्हा मला राग आला. कोहक्यातला प्लॉट माझ्या नावावर, नकाशा मी पास करून आणलेला, आणि मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी. बाबा भंडाऱ्याकडची धानाची शेती भावांवर सोडून इकडे छत्तीसगढी मुलखात प्लांटमध्ये लागले, प्लांटच्या सेक्टर 10 मधल्या क्वार्टरमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली, आणि ते वारल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. स्वतःचं घर म्हणजे माझ्यासाठी काय होतं ते सांगत बसत नाही. आणि हा माणूस विचारतो, झाडू कोण मारतं.

“आई मारते,” मी म्हटलं. “पण कामाचं माझ्याशी बोलायचं.”

“कामाचं तुमच्याशीच बोलतो, मॅडम. पन बाईले बलवा.”

आमचा प्लॉट विचित्र होता. आधीच्या मालकानं मागच्या अर्ध्या भागातला मुरूम काढून नेला होता, त्यामुळे पुढचा भाग उंच आणि मागचा पुरुषभर खोल. घर उंचावर बांधलं, स्वयंपाकघर अगदी कडेला आलं, आणि खाली मोकळं अंगण राहिलं. त्या दोन्हींच्या मधे माती धरून ठेवणारी भिंत हवी होती. ती ढासळली तर स्वयंपाकघरासकट खाली, इतकं सरळ होतं.

मी वहीत आकृती काढून ठेवली होती. मातीत पाणी साचलं की भिंतीवरचा दाब खाली खाली वाढत जातो, म्हणून त्रिकोण काढतात. शाळेत अकरावीला दरवर्षी शिकवायचे मी हे. मिस्त्रींनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

“बरोबर आहे,” म्हणाले. “खाली जोर जास्त. पन याच्यात झाडू मारनारीले कुठं उभं केलं?”

आई दारात उभी होती. ती हसली. मी हसले नाही.

मिस्त्री मूळचे गोंदियाकडचे. प्लांटमध्ये त्यांनी भट्ट्यांच्या आतल्या विटा लावल्या, उभा जन्म. वितळलेलं लोखंड ज्या भांड्यातून नेतात त्याच्या आतून विटांचं अस्तर असतं. ते अस्तर असं लावायचं की दोन विटांच्या मधे पोस्टकार्डसुद्धा जाऊ नये. फट राहिली की लोखंड त्यातून वाट काढतं, आणि मग खाली कोण उभं आहे हे ते बघत नाही. निवृत्त झाल्यावर ते घरांच्या भिंती बांधू लागले, आणि त्यातही फक्त माती धरणाऱ्या. खोल्या बांधायचं काम घ्यायचे नाहीत. त्याला दुसरे मिस्त्री पुष्कळ आहेत म्हणायचे.

“तिथं एक थेंब बाहेर आला तं मानूस जाते,” ते मला एकदा म्हणाले. “इथं थेंब बाहेर नाई आला तं जाते. मले हे उलटं शिकाले टाइम लागला, मॅडम.”

मी मान डोलावली. मला वाटलं, म्हातारा बोलण्यात हुशार आहे.

काम मात्र असं की बघत राहावं. भिंत दगडाची, पायाशी रुंद आणि वर येताना निमुळती, किंचित मातीकडे झुकलेली. भिंतीच्या मागे दीड हात रुंदीची गिट्टी, पार तळापासून वरपर्यंत. ती गिट्टीही आधी धुतलेली. मी विचारलं, दगड कशाला धुता? तर म्हणाले, तांदूळ कावून धुता? गिट्टी आणि मातीच्या मधे जाड कापड, म्हणजे पाणी गाळून यावं आणि माती मागेच राहावी. तळाशी भोकं पाडलेला पाइप, उतार देऊन अंगणाच्या कोपऱ्यातल्या नालीत सोडलेला. आणि भिंतीतून आरपार, बाहेरच्या अंगाला जरा खाली झुकलेल्या अकरा नळ्या.

नारळ त्यांनी पहिल्या दिवशी फोडू दिला नाही. आईनं ताट तयार ठेवलं होतं, हळद-कुंकू, अगरबत्ती, सगळं. म्हणाले, ठेवा, नासत नाई. भिंत पुरी झाली, टँकर बोलावला, वरून गिट्टीत पाणी सोडलं. पण त्याआधी आईच्या हातात लोटा दिला आणि पहिलं पाणी तिला टाकायला लावलं. मग आम्ही सगळे खाली येऊन उभे राहिलो. पहिल्यांदा तिसरी नळी बोलू लागली, मग सातवी, मग एकेक करत साऱ्या. अकरावीतून धार आल्यावर त्यांनी तिच्याखाली नारळ फोडला.

त्यानंतर शिकवणी. माझी नाही, आईची. माझी आई चौथी पास. ती आणि मिस्त्री भिंतीसमोर उकिडवे बसले आणि ते तिला एकेक नळी दाखवू लागले. तिसरीतून पाणी सर्वांत जास्त येणार, कारण स्वयंपाकघराकडचा उतार तिकडे. पाऊस थांबल्यावरही ती दोन दिवस गळली पाहिजे. पावसात एखादी कोरडी दिसली तर तारेनं टोचायची. खराट्याचा बांबू भिंतीला आडवा लावून बघायचा. दोन्ही टोकं टेकली तर बरं. मधेच टेकला आणि टोकं झुलली तर भिंतीनं पोट काढलं. मग तारबीर नाही, सरळ फोन.

“आनि त्या दिशी इथं झाडू नाई मारायचा, बाई. घान राहू द्या.”

“हाव भाऊ,” आई म्हणाली.

मी पायरीवर उभी राहून ऐकत होते. मालकीण मी, शिकलेली मी, आणि हा माणूस माझ्या भिंतीची चावी आईच्या हातात देऊन चालला होता. जाताना मला एवढंच सांगितलं, वरची गिट्टीची पट्टी उघडी राहू द्या, तिच्यावर माती टाकू नका.

आईनं ती शिकवणी मनावर घेतली. रोज सकाळी अंगण झाडून झालं की ती बांबू लावून बघायची. पावसाळ्यात चहा पिताना मला हजेरी द्यायची, आज नववी उशिरा सुरू झाली, पाचवीतून बेडकाचं पिल्लू निघालं. मी पेपर तपासता तपासता हं हं करायचे.

पुढच्या दिवाळीत शाळेतल्या बाया घरी फराळाला आल्या. एकीनं घर सारं फिरून बघितलं आणि म्हणाली, घर तो बहुत अच्छा बना है, पीछे गिट्टी क्यों पड़ी है, काम बाकी है क्या? लोक घर बघायला येतात तेव्हा काय बघतात, तुम्हाला माहीत आहे. मला ते लागलं. आठवड्याभरात मी त्या पट्टीवर कन्हार माती टाकून घेतली. कन्हार म्हणजे इकडची काळी, चिकट माती. मोगरा लावला, कडेनं विटा तिरप्या लावून चुना दिला. आई म्हणाली, मिस्त्रीभाऊ नाही म्हणाले होते. मी म्हटलं, वीतभर माती आहे आई, मला समजतं. रोज संध्याकाळी मी त्याला पाइपनं पाणी घालायचे. मोगरा छान वाढला.

ऑगस्टमध्ये झड लागली. चौथ्या की पाचव्या दिवशी आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, तिसरी कोरडी आहे.

मी म्हटलं, पाऊस हलका आहे.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, तारेनं टोचली, काळा चिखल आला, पाणी नाही. मी म्हटलं, येईल. मग एक दिवस म्हणाली, बांबू झुलून राहिला. शाळेची बस चुकत होती. मी काय म्हणाले ते मला शब्दासकट आठवतं. “आई, तो बांबूच वाकडा असेल.”

पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो हे मी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं. त्रिकोण काढला होता. मुलांनी उतरवून घेतला होता.

त्या दिवशी शाळेतून आले तेव्हा फाटकाशी सायकल होती. आईनं मला न सांगता फोन केला होता आणि मिस्त्री चरोद्याच्या आपल्या घरून भर पावसात सायकल मारत आले होते. हेल्मेटवरून पाणी निथळत होतं. मोगऱ्याची झाडं उपटून एका बाजूला रचलेली, चुना दिलेल्या विटा एका बाजूला, आणि ते गुडघ्यावर बसून माझी काळी माती फावड्यानं काढत होते. सत्तरीचा माणूस. आईला त्यांनी वरच्या दारातच बसवून ठेवलं होतं, पायरीखाली पाऊल टाकायचं नाही म्हणून.

मी छत्री धरायला गेले. त्यांनी हातानंच बाजूला हो म्हणून सांगितलं.

वरची माती आणि चिखल झालेली हातभर गिट्टी काढून झाल्यावर ते लांब सळई घेऊन खाली उतरले. भिंतीसमोर उभे राहिले नाहीत, कडेला अंग चोरून उभे राहिले आणि हात लांब करून तिसऱ्या नळीत सळई घातली. दोनदा, तीनदा. मग आत काहीतरी सुटलं आणि काळं पाणी असं आलं की अंगणाच्या पलीकडच्या पेरूच्या बुंध्यावर जाऊन आपटलं. तसंच सातवीचं. तसंच नववीचं. तास-दीड तास ती भिंत ओकत होती. आम्ही बघत होतो.

भिंत उभी राहिली. मधे चार बोटं फुगलेली, पण उभी.

मग ते स्वयंपाकघराच्या दारात बसले. आईनं कोरडा टॉवेल दिला, चहा दिला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

“बाईनं तुमाले सांगतलं होतं ना, मॅडम?”

“हो.”

“किती दिस?”

“तीन दिवस झाले असतील.”

“मलेही तीनच दिस सांगतलं होतं तिनं.”

ती म्हणजे त्यांची बायको. निवृत्तीनंतर त्यांनी चरोद्याला खदानीच्या काठी घर बांधलं, आणि घरामागे अशीच भिंत. आयुष्यभर जशी बांधली तशी बांधली. विटांची, सांधे असे की पोस्टकार्ड जाऊ नये, दोन्ही अंगांना सिमेंटचा गिलावा, एक भोक नाही. सगळी गल्ली बघायला आली होती. दुसऱ्या वर्षी झडीत बायको म्हणू लागली, भिंत कोरडी दिसते पण पोट निघून राहिलं. ती रोज तिथं झाडायची, तिला दिसत होतं. हे रोज तिथून जायचे, यांना दिसत नव्हतं.

“मी म्हनलं, तू आपला झाडू मार. जिंदगीभर भट्ट्या बांधल्या मी, मले भिंत नको शिकवू.” त्यांनी कप खाली ठेवला. “चौथ्या दिशी सकाळी झाडूच मारून राहिली होती.”

आईनं पदर तोंडाला लावला. मी भिंतीकडे बघत होते, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तिसऱ्या नळीतून आता स्वच्छ पाणी येत होतं.

निघताना त्यांनी हेल्मेट घातलं, सायकल वळवली आणि मला म्हणाले, बाईचे गुडघे दुखून राहिले, आता खालचं तुम्ही झाडत जा. मी हो म्हटलं. आणि इथं मी खोटं बोलणार नाही. मी झाडलं नाही. मी बाई लावली.

उन्हाळ्यात ते आले, फुगलेला भाग उतरवून पुन्हा रचला, सारी गिट्टी काढून धुऊन परत भरली. पहिल्या दिवशी सायकल टेकवून पुन्हा तोच प्रश्न. मला आता त्याचं कारण माहीत होतं, आणि मला उत्तर द्यायची लाज वाटली. “कामवाली,” मी म्हटलं. ते कामाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन तिच्यासमोर उकिडवे बसले, आईसमोर बसले होते तसे, आणि अकराच्या अकरा नळ्या तिला शिकवल्या. ती छत्तीसगढीत बोलायची, हे मराठीत, मधे थोडी हिंदी. काम झालं.

“तुमच्यापेक्षा लवकर शिकली,” मला येऊन सांगितलं. ते माझ्यावर हसलेले मला आठवतात ते तेवढंच.

गेल्या थंडीत एका सकाळी आईच्या फोनवर त्यांच्या मुलीचा फोन आला. ती लग्न होऊन राजनांदगावला असते. मिस्त्री झोपेतच गेले होते. ती म्हणाली, बाबांच्या मोबाइलमध्ये नावं नाहीत, नुसतं ‘कोहका झाडू’, ‘हुडको झाडू’, ‘रिसाली झाडू’ असं लिहिलेलं आहे, म्हणून मी सगळ्यांनाच लावून राहिली, तुम्ही कोण?

आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. चरोद्याचं घर लहानसं, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बाया बसल्या होत्या, दहा-बारा. मला वाटलं नातेवाईक असतील. पण एकमेकींना ओळखत नव्हत्या. कोणी रिसालीची सासू, कोणी कुठल्या बंगल्यातली कामवाली, एक तर शाळेची चपराशीण. ज्यांच्या दारी त्यांनी भिंत बांधली त्यांच्यापैकी घरमालक मला एकही दिसला नाही. आल्या त्या झाडणाऱ्या. मी एकटीच तिथं उपरी होते.

आईला पाणी हवं होतं म्हणून आम्ही मागच्या दाराशी गेलो, आणि मी पहिल्यांदा ती जागा पाहिली.

भिंत त्यांनी पुन्हा बांधलीच नव्हती. मागची माती आपली आपण उताराला लागून बसली होती, तिच्यावर गवत होतं. आणि खाली अंगणात ती भिंत पडलेली होती. विटांचा ढीग नव्हता तो. अख्खी भिंत, एका तुकड्यात, पालथी. कडेचा गिलावा झडला होता, आतले सांधे दिसत होते. इतकी वर्षं पाऊस खाऊनही एक सांधा सुटलेला नव्हता. फक्त मधे एका जागी फोडून काढलेली होती. माणूस आडवा मावेल एवढी जागा.

तिच्या चारी बाजूंनी जमीन गुळगुळीत होती, खराट्याच्या ओळी अजून दिसत होत्या. त्यांच्यावर तीन दिवसांचा कडुनिंबाचा पाला पडला होता.

आई उंबऱ्यावर टेकली, मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. आईनं तिला विचारलं, “इथं झाडू कोन मारत होतं, बेटा?”

“बाबाच,” ती म्हणाली. “रोज. मले हात लावू देत नव्हते.”

खराटा दाराला टेकून उभा होता. आई गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली. मी तिला बसवलं आणि खराटा घेतला. मला नीट झाडता येत नाही. माझ्या बाबांनी घरात मला कधी झाडू धरू दिला नव्हता, तू अभ्यास कर म्हणायचे. मी कडेकडेनं झाडत भिंतीभोवती फिरले, आणि मग त्या फोडलेल्या जागेशी आले. आतही पाला होता. त्याच्याखाली, त्या एवढ्याशा जागेतही, खराट्याच्या ओळी होत्या.

तिथं खराटा फिरवला नाही. खाली बसले आणि पानं हातानं उचलली.